कोळंबीच्या डोळ्यातला ब्रेक

मंगळवारची ओपीडी होती. स्त्रीरोग विभागातून चिठ्ठी घेऊन राहुरी तालुक्यातलं एक जोडपं माझ्याकडे आलं, सोबत मुलाची आई. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही, सुनेची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबणारी. ‘थायरॉइडचं काही आहे का पाहावे’ असं चिठ्ठीत लिहिलं होतं. मी कागद चाळत होतो, तोवर सासूबाईंनी निदान करून टाकलं.

“साहेब, हिला आधी ती कोळंबी सोडायला सांगा. हिचं माहेर डहाणूकडचं. माहेरी गेली की रोज कोळंबी लागती. आन् त्या कोळंबीला हार्मोनची इंजेक्शनं देत्यात. मोबाईलवर आलंय सगळं. त्याच्यानंच हिचं बिघडलं.”

सून खाली मान घालून बसली होती. मुलानं मोबाईल पुढे केला. पडद्यावर एक फोटो होता. हातमोजे घातलेला माणूस, हातात मोठी कोळंबी आणि तिचा एक डोळा चिमट्यात धरलेला. खाली मजकूर असा, की कोळंबीनं भराभर अंडी घालावीत म्हणून तिला हार्मोन टोचतात, तिची जनुकं बदलतात आणि अशी कोळंबी खाणाऱ्या बायकांना मूल होत नाही. हा मेसेज दहा जणांना पाठवा.

फोटो खरा होता, मजकूर खोटा होता. पण त्या खऱ्या फोटोमागे जी गोष्ट आहे ती हार्मोनच्या विज्ञानातली एक फार चांगली गोष्ट आहे. त्या दिवशी बाहेर साठ-सत्तर रुग्ण ताटकळत होते, त्यामुळे मला ती सांगता आली नाही. आज इथे सांगतो. (या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अर्धसत्य कुठून आलं?

आपला जिल्हा समुद्रापासून लांब. आपल्याकडे कोळंबी म्हणजे आठवडी बाजारातले सोडे आणि जवळा, नाहीतर धरणाच्या फुगवट्यावर मिळणारे झिंगे. पण शेततळ्यात मासे सोडणारे शेतकरी आता गावोगाव भेटतात, आणि ‘माशाच्या बीजासाठी हार्मोनचं इंजेक्शन देतात’ ही गोष्ट त्यातल्या अनेकांना ठाऊक असते. ती खरीच आहे.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपण होऊन अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात यावर तोड काढली. माशाच्या मेंदूखाली असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून त्यांनी त्याच्याकडून अंडी मिळवली. आपल्या देशातली गोड्या पाण्यातली मत्स्यशेती या शोधावर उभी राहिली. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानला जातो. आता अर्काऐवजी कारखान्यात तयार केलेलं इंजेक्शन वापरतात. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे हार्मोन अतिसूक्ष्म कणांवर चढवून ते माशाच्या शरीरात हळूहळू सुटेल अशी रीतही प्रसिद्ध केली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे इंजेक्शन बीज केंद्रातल्या आई-बाप माशांना अंडी घेण्यापुरतं देतात. तुमच्या ताटात येतो तो त्यांच्या पोटचा, तळ्यात वाढलेला मासा. त्याला सुई लागलेली नसते.

कोळंबीचं गणित उलटं आहे. माशाला हार्मोन देऊन पुढे ढकलावं लागतं, म्हणजे तिथे ॲक्सिलरेटर दाबायचा असतो. कोळंबीच्या मादीत ब्रेक दाबलेला असतो. तो सुटल्याशिवाय अंडी पिकत नाहीत. आणि हा ब्रेक तिच्या डोळ्यात असतो.

डोळ्याच्या देठात काय दडलंय?

कोळंबी हातात घेऊन पाहिली असेल तर तिचे डोळे आठवा. ते डोक्यात बसवलेले नसतात, काडीच्या टोकावर मणी लावावा तसे बाहेर आलेले असतात. त्या काडीत, म्हणजे डोळ्याच्या देठात, चेतापेशींचा एक पुंजका असतो आणि त्याला जोडून हार्मोन साठवणारी एक छोटी ग्रंथी असते. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी जे काम करतात, त्यातलं बरंचसं काम कोळंबीत या देठातून चालतं. तिथून सुटणारं एक हार्मोन अंडाशयाला सांगतं, ‘आत्ता नको, थांब.’ ते असेपर्यंत अंड्यात बलक भरणारं प्रथिन पुरेसं तयार होत नाही आणि अंडी पिकत नाहीत.

निसर्गात या ब्रेकला अर्थ आहे. अंडी घालणं हा मोठा खर्च आहे. काळी टायगर कोळंबी एका वेळी लाखो अंडी घालते. अन्न, पाणी, ऋतू हे सगळं जुळून येईपर्यंत थांबणं तिच्या फायद्याचं असतं. पण हॅचरीच्या टाकीत तो ब्रेक काही केल्या सुटत नाही, विशेषतः टायगर कोळंबीत.

फ्रान्समध्ये १९४३ साली पानूझ नावाच्या शास्त्रज्ञानं समुद्री कोळंबीचे डोळ्यांचे देठ काढले, तेव्हा तिचं अंडाशय वाढू लागलेलं त्याला दिसलं. तो शोध प्रयोगशाळेतला होता. १९७०च्या दशकापासून हॅचऱ्यांनी तो उचलला. मादीचा एक डोळा चिमटायचा, कापायचा किंवा देठाला दोरा आवळायचा. एका डोळ्याचा ब्रेक गेला की थोड्याच दिवसांत अंडी पिकतात. जगभर कोळंबीचं बीज तयार करण्याची ही सर्रास पद्धत झाली. मोबाईलवरचा तो फोटो याच कामाचा होता. त्यात कोणी काही टोचत नव्हतं. तो माणूस हार्मोन देत नव्हता, हार्मोनचं कोठार काढून टाकत होता.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाही हवा. कोळंबीला वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांत बराच काळ वाद होता. पुराव्यांचा आढावा घेऊन ब्रिटननं २०२२ च्या प्राणी कल्याण कायद्यात कोळंबी-खेकड्यांनाही जाणीव असलेल्या जिवांत धरलं आहे. शिवाय यात व्यवहाराचंही नुकसान आहे. त्या देठात एकच हार्मोन नसतं. कात टाकणं लांबवणारं हार्मोन तिथलंच, आणि रक्तातली साखर वाढवणारं हार्मोनही तिथलंच. एक ब्रेक काढायला जाऊन आपण बाकीच्या ताराही तोडतो. डोळा काढलेली मादी लवकर लवकर कात टाकते, तिची ताकद उतरत जाते, पुढे पुढे अंड्यांचा कस कमी होतो. मधुमेहाचे रुग्ण रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून नवल वाटलं नाही. ग्रंथी ही एका दिव्याचं बटण नसते, ती अख्ख्या घराची डीपी असते.

‘काढून पाहा’ची जुनी रीत

एखाद्या ग्रंथीचं काम काय, हे शोधायची माणसाची सर्वांत जुनी रीत म्हणजे ती काढून पाहणं. ती वैद्यकाच्याही आधी शेतकऱ्याला ठाऊक होती. गोऱ्हा ठेचला की त्याचा बैल होतो, अंगातली मस्ती जाते, मान खाली घालून नांगराला चालतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं. १८४९ मध्ये जर्मनीत बर्टहोल्ड यांनी कोंबड्यांवर हाच प्रयोग शिस्तीत केला. वृषण काढले की तुरा मिटतो, आरवणं थांबतं. तेच वृषण पोटात दुसरीकडे बसवले की तुरा पुन्हा फुलतो. म्हणजे रक्तातून काहीतरी निरोप जातो, हे त्यातून कळलं.

माणसाच्या औषधोपचारातही हीच रीत आली. पुरुषी हार्मोन बंद केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यासाठी वृषण काढावे लागत. हगिन्स यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आज त्याच रुग्णाला ठरावीक महिन्यांनी एक इंजेक्शन देऊन तोच परिणाम साधता येतो. निरोप थांबवता आला, तेव्हा अवयव कापायची गरज कमी झाली.

कोळंबीच्या डोळ्याची गोष्ट आज नेमकी याच वळणावर आहे. डोळा न काढता, बाकीच्या हार्मोनना धक्का न लावता फक्त तो एक निरोप थांबवता येईल का? हा प्रश्न विचारायची सोय जनुकाला गप्प बसवण्याच्या तंत्रानं करून दिली.

सातबाऱ्याचा उतारा

‘जनुक’ म्हटलं की लोक दचकतात, म्हणून हे आपल्या भाषेत समजून घेऊ. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीची मूळ नोंद असते. ती नोंद घेऊन कोणी बँकेत जात नाही. बँकेत जातो तो सातबाऱ्याचा उतारा. पेशीतही असंच असतं. केंद्रकातला डीएनए म्हणजे मूळ दप्तर. एखादं प्रथिन बनवायचं असेल तेव्हा त्या नोंदीची नक्कल निघते, तिला निरोप्या आरएनए म्हणतात. ती नक्कल पाहून पेशीतला कारखाना प्रथिन तयार करतो. हार्मोन हे बऱ्याचदा असंच एक प्रथिन असतं.

जनुकाला गप्प बसवणं म्हणजे दप्तराला हात न लावता फक्त निघालेले उतारे फाडणं. दप्तर शाबूत, पण बँकेत काहीच पोचत नाही, म्हणून कर्ज मंजूर होत नाही. काही दिवसांनी फाडणारा थकला की उतारे पुन्हा निघू लागतात. म्हणून हा परिणाम तात्पुरता असतो आणि पुढच्या पिढीत उतरेल असा बदल डीएनएत होत नाही. जनुक बदलणं आणि जनुक गप्प करणं यांत एवढं अंतर आहे.

उतारा फाडणारी यंत्रणा माणसानं बनवलेली नाही. ती झाडांत, किड्यांत, कोळंबीत आणि आपल्यातही मुळातच असते. अनेक विषाणू शरीरात वाढताना दुहेरी पदराचा आरएनए तयार करतात. असा आरएनए दिसला की पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्याशी जुळणारा प्रत्येक निरोप शोधून नष्ट करते. विषाणूविरुद्धचं हे जुनं हत्यार आहे.

१९९०च्या सुमारास पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करायला गेलेल्या संशोधकांना काही फुलं चक्क पांढरी मिळाली आणि ते चक्रावले. त्यामागचं कोडं १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर सोडवलं. दुहेरी पदराचा आरएनए दिला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प बसतं, हे त्यांनी दाखवलं. अवघ्या आठ वर्षांत, २००६ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं.

संशोधकांच्या हाती त्यामुळे एक अगदी बारीक हत्यार आलं. ज्या हार्मोनचा संशय आहे, त्याच्याच उताऱ्याशी जुळणारा दुहेरी आरएनए बनवायचा, तो प्राण्याला टोचायचा आणि काय होतं ते पाहायचं. अवयव जागेवर, बाकीची हार्मोन जागेवर, फक्त एक आवाज बंद.

कोळंबीनं दिलेली साक्ष

हे काम टायगर कोळंबीत सर्वांत ठळकपणे केलं ते थायलंडमधल्या माहिडोल विद्यापीठाच्या गटानं. २००८ मध्ये त्यांनी डोळ्यातल्या त्या ‘थांब’ म्हणणाऱ्या हार्मोनचं जनुक वेगळं काढलं आणि त्याला गप्प बसवलं. तेव्हा अंडाशयात बलकाच्या प्रथिनाचे उतारे वाढले. ब्रेक तोच, याची ही साक्ष झाली. २०११ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. मादीला असा आरएनए एकदाच टोचला, तर साधारण महिनाभर त्या हार्मोनचा आवाज दबून राहिला, अंडाशय पिकलं आणि मादीनं अंडीही घातली. समुद्रातून धरलेल्या माद्यांत हे घडलं आणि टाकीत वाढवलेल्या माद्यांतही घडलं. दोन्ही डोळे शाबूत ठेवून.

अशा प्रयोगात एक खबरदारी घ्यावी लागते, ती वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. नुसती सुई टोचल्यामुळे किंवा कोणताही परका आरएनए शरीरात गेल्यामुळे तर फरक पडला नाही ना? हे तपासायला काही माद्यांना कोळंबीत नसलेल्याच एखाद्या जनुकाशी जुळणारा आरएनए टोचतात, काहींना नुसतं मिठाचं पाणी. या माद्यांत फरक पडला नाही आणि त्याच गटात पडला, तरच निष्कर्ष काढायचा. मोबाईलवरच्या मेसेजमध्ये अशी तुलना कधीच नसते. ‘कोळंबी खाल्ली आणि पाळी लांबली’ एवढ्यावर तो थांबतो. कोळंबी न खाणाऱ्या किती जणींची पाळी लांबते, हे तो विचारत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या देशात २००९ पासून व्हनामेई ही अमेरिकेकडची पांढरी कोळंबी आली आणि आज पालघर-रायगडपासून आंध्रपर्यंतच्या तळ्यांत मुख्यतः तीच असते. तिच्यात हे तंत्र तितकं सोपं ठरलेलं नाही. ब्राझीलमधल्या एका गटानं व्हनामेईच्या माद्यांत त्या जनुकाचा आवाज चांगलाच कमी केला, पण अंडाशयं पिकली नाहीत. जपानमधल्या संशोधकांना व्हनामेईच्या डोळ्यात अंडाशयाला रोखू शकणारे एकाच घराण्यातले अनेक रेणू सापडले आहेत. म्हणजे तिथे ब्रेक एक नसून तीन-चार असावेत. एक सोडला तर बाकीचे गाडी धरून ठेवतात. प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही, त्यातूनही एक माहिती मिळाली. डोळा काढल्यावर जे घडतं ते एका हार्मोनच्या जाण्यानं घडत नाही, हे नुसता डोळा कापत राहिलो असतो तर कळलं नसतं.

हॅचरीत हे वापरायचं तर खर्च, डोस आणि टिकाऊपणा हे प्रश्न आहेतच. हजारो माद्यांना सुया टोचत बसणं कोणाला परवडणार? खाद्यातून देता आलं तर बरं. तमिळनाडूत मेलविशारम इथल्या महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००८ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूविरुद्ध असा आरएनए जिवाणूंत तयार करून तो कोळंबीला खाद्यातून दिला आणि तिला संरक्षण मिळालं. म्हणजे वाट आहे, पण अजून कच्ची आहे. दरम्यान काही हॅचऱ्यांनी आणखी साधा मार्ग धरला आहे. चांगला आहार, योग्य प्रकाश आणि टाकीतच सहज पिकणाऱ्या माद्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्या डोळा न काढताच बीज घेतात. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या सहभागानं झालेल्या अभ्यासात अशा माद्यांची पिल्लं रोगाला जास्त चिवटपणे तोंड देताना दिसली. डोळा वाचवणं ही नुसती भूतदया नाही, त्यात शेतकऱ्याचाही फायदा असू शकतो.

इन्सुलिनचा भाऊबंद

गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची गोष्ट तर आपल्या धरणांच्या आणि शेततळ्यांच्या जास्त जवळची आहे. आपल्याकडे तिला स्कँपी म्हणतात. ती वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे निमखारं पाणी लागतं. म्हणून तिचं बीज खाऱ्या पाण्याची सोय असलेल्या हॅचरीतूनच आणावं लागतं. तिच्यात नर मादीपेक्षा मोठा होतो. साहजिकच शेतकऱ्याला तळ्यात सगळे नर हवे असतात.

हिच्या नरात पुरुषी हार्मोन वृषणातून येत नाही. त्यासाठी एक वेगळी छोटी ग्रंथी असते. कवचधारी प्राण्यांतली अशी नर-ग्रंथी १९५४ मध्ये फ्रान्समध्ये एलेन शार्निओ-कोटोन या शास्त्रज्ञ बाईंनी शोधली. पुढे कळलं की तिचं हार्मोन टेस्टोस्टेरॉनसारखं नसून इन्सुलिनच्या घराण्यातलं आहे. माझ्या ओपीडीत जे इन्सुलिन साखर उतरवायला देतो, त्याचा दूरचा भाऊबंद कोळंबीला नर बनवतो. शरीराची ही काटकसर पाहून तीस वर्षं डॉक्टरकी केल्यावरही मला मौज वाटते. जुनाच नमुना घ्यायचा, थोडा बदलायचा आणि नव्या कामाला लावायचा.

इस्राएलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात अमीर सागी यांच्या गटानं कोवळ्या नरांत या एका जनुकाला गप्प बसवलं. २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की असे काही नर वाढून पूर्ण माद्या झाल्या आणि त्यांनी अंडी दिली. अशा मादीचा साध्या नराशी संकर केला की सगळी पिल्लं नर निघतात, कारण आई-बाप दोघांकडेही नराचीच गुणसूत्रं असतात. त्या पिल्लांना कोणतंही इंजेक्शन दिलेलं नसतं, त्यांचं जनुकही बदललेलं नसतं. एक हार्मोन कोणत्या वयात, कशासाठी लागतं, या साध्या कुतूहलातून शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट निघाली.

हेच तंत्र आता माणसासाठी

उतारा फाडण्याचं हे तंत्र आता तुमच्या-माझ्या औषधांतही आलं आहे. एका दुर्मीळ आनुवंशिक चेताविकारासाठी पॅटिसिरान हे अशा प्रकारचं पहिलं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. कोलेस्टेरॉलसाठी इन्क्लिसिरान नावाचं इंजेक्शन आहे. यकृतातला एक निरोप ते गप्प करतं आणि सुरुवातीच्या दोन डोसनंतर सहा महिन्यांतून एकदा दिलं तरी पुरतं. ते महाग आहे आणि प्रत्येकाला लागत नाही. बहुतेकांसाठी रोजची स्टॅटिनची स्वस्त गोळी उत्तम काम करते. पण ‘जनुक गप्प करणं’ म्हणजे काही अघोरी प्रकार आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

ही औषधं सुईनंच द्यावी लागतात, याचंही कारण पाहा. खाल्लेला आरएनए आपल्या पोटात पचून जातो. तो आपण रोज खातो. बाजरीच्या भाकरीत, मेथीच्या भाजीत, अंड्यात, मटणात, सगळीकडे तो असतो. साधं खाऊन जनुक गप्प बसत असतं, तर औषध कंपन्यांनी कधीच सुई टाकून गोळी काढली असती. कोळंबीची प्रथिन-हार्मोनंही आपल्या आतड्यात डाळीतल्या प्रथिनांसारखीच पचतात. तिचं ‘थांब’ म्हणणारं हार्मोन आपल्या अंडाशयाला ओळखीचंही नाही.

मग कोळंबी खावी की नाही?

ज्यांना तिची ॲलर्जी आहे त्यांनी अजिबात खाऊ नये. अंगावर गांधी, ओठ-घसा सुजणं, धाप लागणं असं एकदाही झालं असेल, तर ‘थोडीशी चालेल’ म्हणू नका. सोडे आणि जवळाही त्यात आलेच. गाऊटच्या रुग्णांनी बेतानं खावी. कोळंबीत कोलेस्टेरॉल जास्त असलं तरी घातक चरबी कमी असते. माझी काळजी कोळंबीपेक्षा तिच्याबरोबरच्या तेलाची असते. खरी काळजी करायची तर मत्स्यशेतीत चोरून वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सची करावी. त्यातल्या घातक औषधांवर बंदी आहे आणि परदेशी जाणारा माल त्यासाठी तपासला जातो. आपल्या बाजारातल्या मालाचीही तशीच तपासणी व्हावी, असा आग्रह आपण ग्राहकांनी धरायला हवा. मूल न होण्याचा आणि कोळंबीचा संबंध लावणारा कोणताही पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

आता त्या सुनेकडे येतो. तिचं थायरॉइड नीट होतं, पण रक्तातलं प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं होतं. बाळाला पाजणाऱ्या आईत हे हार्मोन दूध आणतं आणि त्याच वेळी अंडाशयाला ‘आत्ता नको, थांब’ सांगतं. म्हणजे माणसातही एक ब्रेक आहे! पाजत नसताना तो दाबलेला का राहावा? मी तिला पर्स उघडायला सांगितली. आत पित्ताच्या कॅप्सूलची पट्टी होती. वर्षभरापूर्वी कोणीतरी दिलेली आणि तेव्हापासून दुकानातून मागून रोज घेतलेली. अशा अनेक कॅप्सूलमध्ये पित्ताच्या औषधाबरोबर डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. डोपामिन अडलं की प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी लांबते. म्हणजे दोष तिच्या ताटात नव्हता, पर्समध्ये होता.

कॅप्सूल बंद केली. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर प्रोलॅक्टिन खाली आलं होतं. पाळी आता महिन्याच्या महिन्याला येते. (मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. पण ती औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही बंद करू नयेत.) आणि एक तपासणी चार वर्षांत कोणालाच सुचली नव्हती, नवऱ्याच्या वीर्याची. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीनं असतं. मी चिठ्ठी लिहिली तेव्हा सासूबाई गप्प होत्या. मुलगा मात्र “करतो साहेब,” म्हणाला आणि केलीही त्यानं. त्याचा अहवाल चांगला आला. पुढचं अजून व्हायचं आहे. घाई नाही.

परवा ती तिघं पुन्हा आली होती. निघताना सासूबाई दाराशी थांबल्या. “साहेब, मग तिनं माहेरी गेल्यावर खाल्लं तर चालंल ना?”

“चालेल की मावशी. तुम्हीही एकदा खाऊन बघा. आणि तो मेसेज तेवढा पुढे पाठवू नका.”